बायांच्या बाजूचा उजेड

मी काचेचं काम करते असं सांगितलं की लोक लगेच घरातली फुटलेली तावदानं दाखवायला लागतात. एकदा शेजारच्या बाईंनी तडा गेलेला मोबाइलच आणून हातात ठेवला होता. माझं काम वेगळं आहे. रंगीत काचेचे तुकडे कापायचे, शिशाच्या पट्ट्यांत एकमेकांना लावून बसवायचे, सांध्यांना वितळलेल्या कथलाचा डाक द्यायचा आणि त्यातून एक खिडकी उभी करायची. नागपुरात नंदनवन भागात आमच्या घरामागे शेड आहे, तिथे हे चालतं. गिऱ्हाईक बहुतेक बंगलेवाले. त्यांना जिन्यातल्या खिडकीत मोर हवा असतो. कधी मोर आणि कमळ, कधी मोर आणि लांडोर, पण मोर असतोच. या मोरांनीच माझं घर चालवलं, तेव्हा त्यांना नावं ठेवणार नाही. पण डोळे मिटले तरी पिसारा दिसावा इतके मोर मी केले आहेत.

अशाच एका मोराने मला ती खिडकी मिळवून दिली. उमरेड रोडवरच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये मी तो बसवला होता. तिथे लग्नाला आलेल्या एक वयस्क बाई पंगत सोडून त्या मोरासमोर जाऊन उभ्या राहिल्या, आणि हा कोणी केला याचा पत्ता काढत काही दिवसांनी थेट माझ्या शेडमध्ये आल्या. बारीक अंगाच्या, पांढरं सुती लुगडं, खांद्याला कापडी पिशवी. मागे त्यांचे यजमान, उंच, इस्त्रीचा शर्ट, आणि आपल्याला उगीच ओढून आणलंय असा चेहरा. पहिल्याच भेटीत मी त्यांना काकू आणि काकाजी म्हणायला लागले, ते आजतागायत.

"तो हॉलमधला मोर तूच केला काय वं?" काकूंनी विचारलं.

"हो. तुमालेही मोरच पाहिजे काय?"

"मोर कायले पाहिजे? आमाले चर्चची खिडकी पाहिजे."

त्यांच्या गावात इंग्रजांच्या काळातलं, मिशनऱ्यांनी बांधलेलं लहानसं दगडी चर्च आहे. वेदीच्या मागच्या, पूर्वेकडच्या भिंतीत उंचावर टोकदार कमानीची एक खिडकी. तिची जुनी साधी काच कधीतरी वादळात फुटली आणि तिथे पत्रा ठोकला गेला. तात्पुरता म्हणून ठोकलेला पत्रा जसा कायमचा होतो तसा तोही झाला. वर्षानुवर्षं सगळी मंडळी त्या पत्र्याकडे तोंड करून गाणी म्हणत आली.

त्या गावच्या ख्रिस्ती बायांची एक रीत आहे. भात टाकायच्या आधी एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात काढून ठेवायचा. रविवारी सगळ्यांचे डबे चर्चमध्ये एका पोत्यात रिकामे होतात आणि तो तांदूळ विकून येईल ते चर्चच्या कामी लागतं. मूठ बायांची, पण ती कोणत्या कामाला लावायची हे आजवर पुरुषांची कमिटी ठरवत आली. कमिटीचे प्रमुख काकाजी. त्यांना लाउडस्पीकर हवा होता. काकूंनी बायांना गोळा करून सांगितलं की मूठ आपली आहे, तर या खेपेला खिडकी. घरातच दोन पार्ट्या पडल्या. शेवटी पुरुषांनी आपापसांत गोळा करून लाउडस्पीकर आणला आणि तांदूळ खिडकीकडे गेला.

"आवाज देवापर्यंत गेला पाहिजे न," काकाजी मला समजावून सांगायला लागले.

"देवाले आयकू येते," काकू म्हणाल्या. "ज्याले येत नाही त्याचं सांगा."

मला हे जोडपं त्याच क्षणी आवडलं. काम घेतलं.

मे महिन्यात मी माप घ्यायला गेले. नागपूरचा मे, म्हणून उजाडताच निघाले होते. चर्च काळ्या दगडाचं, वर कौलं, अंगणात कडुनिंब आणि त्याच्या फांदीला नव्हे, तर चांगल्या लोखंडी खांबाला टांगलेली घंटा. आत बाकं नाहीत. जमिनीवर सतरंज्या अंथरलेल्या, दारापासून वेदीपर्यंत मधे एक मोकळी वाट सोडलेली. डावीकडे पुरुष बसतात, उजवीकडे बाया. नवरा-बायको दारापर्यंत सोबत येतात, चपलाही शेजारी शेजारी काढतात, आणि आत पाऊल टाकलं की दोन दिशांना जातात.

"असं काहून?" मी विचारलं.

"माही सासू तिथंच बसे," काकू म्हणाल्या. "तिची सासूही तिथंच बसत असन. म्हून आमी बसतो."

दोघा माणसांनी शिडी लावून पत्रा उचकटला. धुळीचा एक लोट खाली आला आणि त्यामागून ऊन. चर्चचे धर्मगुरू, पाळक साहेब, शिंकत बाहेर पळाले. मी सोबत रंगीत काचेचे नमुने नेले होते. त्यातली लाल काच घेऊन शिडीवर चढले आणि खिडकीत धरली. खाली उजव्या बाजूला, बायांच्या सतरंजीवर, एक लाल चौकोन पडला.

काकू झाडू टाकून तिथे गेल्या. आधी नुसतं पाहिलं. मग खाली बसल्या, मांडी घातली आणि दोन्ही तळहात उघडून त्या रंगात धरले. बाहेर अंगण झाडणाऱ्या बायांना हाका मारून बोलावलं. सगळ्या जणी आळीपाळीने त्या चौकोनात बसून पाहू लागल्या. एकीने आपल्या लेकराला मधे बसवलं तर ते लाल झालेलं पाहून सगळ्या हसत सुटल्या. मी शिडीवर हात दुखेपर्यंत काच धरून उभी होते, आणि खाली उतरावंसं वाटत नव्हतं.

"इथंच पडन न हे?" काकूंनी वर पाहून विचारलं.

"इथंच पडन," मी सांगितलं.

हे मी इतक्या ठामपणे का म्हणाले, ते सांगायला हवं. आमचं घराणं कोष्ट्यांचं. माझ्या लहानपणी घरात खड्ड्यातला हातमाग होता. मागाच्या खोलीला एकच खिडकी, तीही उत्तरेला, कारण विणकराला ऊन नको असतं, उजेड हवा असतो. त्या खिडकीतून येणारा उजेड सकाळी जिथे तिथेच संध्याकाळी, पावसाळ्यात जिथे तिथेच उन्हाळ्यात. बाबा त्याच उजेडात काठाचे रंग जुळवायचे आणि मी शेजारी बसून गृहपाठ करायचे. खिडकीतला उजेड एकदा जिथे पडला तिथे पडला, ही गोष्ट माझ्या अंगात मुरलेली होती. पुढे माझं शेड झालं, तिथे ट्यूबलाइट. बंगल्यातले मोर कुठे रंग सांडतात ते पाहायला मी कधी परत गेले नाही. ऊन हलतं हे शाळेत शिकले होते, पण शाळेतल्या गोष्टी शाळेतच राहतात.

काकूंनी मात्र माझा शब्द गावभर नेला. मूठ आपली, आणि रंगही आपल्याच अंगावर पडणार, हे त्यांनी बोअरवर सांगितलं, कापसाच्या वेचणीला सांगितलं, आणि घरी काकाजींना रोज सांगितलं. ज्या सुनांनी आळसाने मूठ बंद केली होती त्यांच्याही डब्यात पुन्हा तांदूळ पडायला लागला. काकूंनी आपला शब्द पणाला लावला होता, आणि तो माझ्या भरवशावर लावला होता.

चित्र काय असावं यावर पावसाळ्याच्या तोंडाशी बैठक झाली. कमिटीला मेंढपाळ हवा होता, कॅलेंडरवर असतो तसा, खांद्यावर कोकरू घेतलेला. मला घाम फुटला. मोरांतून सुटून मी आता कोकरांत अडकणार होते. मी माझा कागद पसरला. त्यात माणूस नव्हता, पक्षी नव्हता, मेंढी नव्हती. तळाला काळ्या मातीचा गडद निळसर पट्टा, त्यावर तुरीचा हिरवा, मग कापणीनंतरच्या वावराचा पिवळा, आणि वर कमानीच्या टोकापर्यंत पळसाचा लाल. त्या सगळ्यातून एक पांढरी रेघ उभी आणि एक आडवी, इतकी बारीक की निरखून पाहिल्याशिवाय क्रूस दिसू नये.

सगळे कागदावर वाकले.

"हे तं लुगड्याचा पदर दिसून राहिला," काकाजी म्हणाले.

"मी कोष्ट्याची पोरगी हावो, काकाजी. माह्या हातून दुसरं काय निघन?"

"पण याच्यात प्रभू कुठं हाये?" कमिटीतल्या आणखी कोणी तरी विचारलं.

पाळक साहेब तरुण होते, मोटारसायकलवर तीन-चार गावांची चर्चं सांभाळायचे. ते म्हणाले, "फागुनात पळस पाहून आपण कोणाचं नाव घेतो? त्याचंच न? मग झालं." काकाजींना हे पटलं नसावं. ते कागद उलटा धरून पाहायला लागले, जणू दुसऱ्या बाजूने तरी मेंढपाळ निघेल.

काकूंनी एक घाव दोन तुकडे केले. "तांदूळ आमचा, तं पळसच राहीन. चहा घ्या सगळे."

त्या पावसाळ्यात मी जितकी सुखात होते तितकी कामाच्या निमित्ताने क्वचितच झाले असेन. बाहेर पत्र्यावर पाऊस आणि टेबलावर सगळा पळस पसरलेला. लाल म्हणून एक काच नसते. एक विटकरी असते, एक कुंकवाची, एक अशी की उजेडात धरेपर्यंत काळीच वाटते. बाबांचा माग केव्हाच बंद पडला, मग हिंगण्याच्या एका कारखान्यात त्यांनी नोकरी केली आणि आता ते रिटायर होऊन माझ्या शेडमध्ये खुर्ची टाकून बसतात. कामाला हात लावत नाहीत, तोंड मात्र लावतात. "या लालमंधी एक पिवळा तार टाक," असं त्यांनी एवढ्यांदा म्हटलं की शेवटी मी कमानीच्या टोकाशी संत्र्याच्या रंगाचा एक तुकडा बसवला. आणि तो इतका बरोबर बसला की पुढचे आठ दिवस मला त्यांचं तोंड पाहवेना.

नाताळाच्या आधल्या आठवड्यात तीन भागांतली खिडकी गोधड्यांत गुंडाळून टेम्पोतून गावी नेली. दुपारभर काम चाललं, ऊन तेव्हा पश्चिमेला, दाराच्या बाजूला. खिडकी बसली, पण काकूंचं म्हणणं की सगळ्यांनी एकदमच पाहावी. म्हणून आतून एक जाड चादर बांधून टाकली. तिची दोरी खाली सोडून ठेवली, नाताळाच्या सकाळी ओढायला.

नाताळाला मी बाबांना घेऊन गेले. बाबा पुरुषांत जाऊन बसले, मी बायांत, काकूंच्या मागे. चर्च पताकांनी भरलेलं, नव्या कपड्यांचा कोरा वास, आणि बायांच्या बाजूला दाटीवाटी, कारण प्रत्येकीला पुढे बसायचं होतं. पुढची जागा म्हणजे रंगाची जागा. काकू उठल्या, पदर खोचला आणि दोरी ओढली.

चादर पडली. वर पळस फुलला. मी स्वतः केलेली खिडकी, प्रत्येक तुकडा हातातून गेलेला, तरी माझ्या अंगावर काटा आला. आणि मग सगळ्यांनी खाली पाहिलं.

रंग डाव्या बाजूला पडला होता. सगळाच्या सगळा. काकाजींचा पांढरा शर्ट लाल झाला होता, त्यांच्या मागचे दोघे पिवळे, आणि माझ्या बाबांच्या टकलावर तुरीचा हिरवा. बाबांना काही कल्पना नव्हती. ते आपल्या तळहातावरचा रंग पाहत खुशीत बसले होते. उजवीकडे आमच्या सतरंज्या होत्या तशाच होत्या.

काकू परत आपल्या जागी येऊन बसल्या. समोरच्या सतरंजीकडे पाहत राहिल्या, थोडा वेळ थांबलं तर येईल अशा. उपासना झाली, गाणी झाली, रंग थोडा सरकला, पण मधली वाट काही त्याने ओलांडली नाही.

बाहेर अंगणात चहा-करंज्यांच्या वेळी काकाजींना राहवलं नाही. "बायकायनं तांदूळ टाकला," ते म्हणाले, "अन् भात आमच्या ताटात पडला."

पुरुष खो खो हसले. वाक्य चांगलंच होतं, दुसऱ्या कोणाची फजिती असती तर मीही हसले असते. बायांपैकी कोणी हसलं नाही. एका सुनेने काकूंना विचारलं, "तुमी तं म्हणे, आपल्याकडंच पडन?" तिने काही टोचून नव्हतं विचारलं, पण ते टोचलं. काकूंनी दोन करंज्या माझ्या हातात ठेवल्या, "खाऊन घे" म्हणाल्या आणि माझ्याकडे न पाहता आत गेल्या. त्या चार शिव्या देत्या तर मला बरं वाटलं असतं.

परतताना बसमध्ये बाबा खिडकीचं कौतुक करत होते आणि मी रडवेली झाले होते. काय झालं ते त्यांना सांगितलं. बाबांना आधी कळेना, कळलं तसे ते हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"आपण मागाच्या खिडकीचे लोक," ते म्हणाले. "आपल्याले ऊन कुठं ठाऊक हाये?"

घरी आलो तर आई गच्चीवर खाट टाकून उन्हात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. खाट उत्तरेच्या कठड्याकडे सरकवलेली. उन्हाळ्यात सकाळी त्याच जागी सावली असते म्हणून ती तिथे कुरड्या घालत नाही, हे मी जन्मभर पाहत आले होते. मी तिथेच उभी राहिले. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून उगवतो, त्याचं ऊन खिडकीतून डावीकडे जातं. उन्हाळ्यात उत्तरेकडून येतो, मग उजवीकडे. मी मे महिन्यात काच धरली होती आणि नाताळाला चादर काढली होती. होळी उलटल्याशिवाय बायांकडे रंग फिरकणार नव्हता, आणि दिवाळीच्या आधीच पुन्हा निघून जाणार होता.

"काय पाहून राहिली?" आईने विचारलं.

"तुही खाट," मी म्हणाले.

पुढच्या रविवारी मी एकटीच गावी गेले. फोनवर सांगायची गोष्ट नव्हती ती. घंटा व्हायची होती, काकू दाराशी सतरंज्या झटकत होत्या. मी सगळं सांगितलं, हाताने सूर्य इकडून तिकडे नेऊन दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे होळीपर्यंत त्याइचं अन् मंग आमचं."

"हो काकू. काच फिरवता येते, ऊन नाही फिरवता येत. पण मी तुमच्या बाजूच्या भिंतीत एक लहान खिडकी करून देतो. माह्याकडून."

"भिंत फोडाले कमिटी पाहिजे. अन् कमिटी ते उभी हाये." त्यांनी मानेनेच दाखवलं. काकाजी चपला काढत होते, आठवडाभर जिंकल्याचा आनंद अजून चेहऱ्यावर होता. "अन् माह्या बायकायले काय सांगू? मूठ टाकत राहा अन् होळीपर्यंत वाट पाहा? अर्ध्याइनं आताच डबे बंद केले. म्हणतात, काकूचं काही आयकू नोका."

काकूंनी सतरंजी शेवटची झटकली आणि अंथरली. घंटा झाली. पुरुष डावीकडे गेले, बाया उजवीकडे. नाताळासारखी गर्दी नव्हती. ऊन छान निघालं होतं आणि पुरुषांच्या बाजूला पळस पसरला होता. दोन-तीन माणसं तर आपली नेहमीची जागा सोडून मुद्दाम लाल रंगात येऊन बसली.

पाळक साहेबांनी पहिलं गीत सांगितलं. सगळे गायला लागले. दुसऱ्या कडव्याला काकू उठल्या. मला वाटलं बाहेर जातात. त्यांनी आपली लहान चटई गुंडाळून काखेत मारली, मधल्या वाटेपर्यंत गेल्या आणि तिथे क्षणभर थांबल्या. त्या घराण्यातल्या किती सासवा-सुना ती वाट न ओलांडताच गेल्या असतील कोण जाणे. मग त्यांनी ती ओलांडली, सरळ काकाजींपाशी गेल्या आणि उभ्या राहिल्या.

"सरका जरासे," काकू म्हणाल्या.

गीत चालू होतं, पण अर्धे लोक गायचे थांबले होते. काकाजींनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं जिंकणं कुठल्या कुठे गेलं आणि तिथे काय आलं ते मला सांगता येत नाही, पण राग नव्हता. आपल्याच घरात पाहुणा आल्यावर माणूस जसा गडबडतो तसे ते गडबडले. मग सरकले. काकूंनी चटई अंथरली, त्यांच्या शेजारी मांडी घातली आणि मधूनच सुटलेलं कडवं उचलून गायला लागल्या. त्यांचं पांढरं लुगडं पार लाल झालं.

नाताळाला काकूंना प्रश्न विचारणारी ती सून सगळ्यांत आधी उठली. मग दोघी, मग एकदम पाच-सहा. कोणी नवऱ्याशेजारी बसली, कोणी भावाशेजारी, कोणी जागा दिसेल तिथे. काही पुरुष संकोचून उठले आणि उजव्या बाजूला रिकाम्या सतरंज्यांवर जाऊन बसले, आणि तिथून या बाजूचा रंग पाहत राहिले. मी नेमकं कुठे जावं हे न कळून मधल्या वाटेतच उभी राहिले. पाळक साहेबांनी पुस्तकावरून एकदा मान वर केली, सगळीकडे पाहिलं आणि म्हणाले, "तिसरं कडवं." तिसरं कडवं त्या चर्चने मी ऐकलेल्यात सगळ्यांत मोठ्याने म्हटलं. मला ते गीत येत नव्हतं तरी मी ओठ हलवत होते आणि मला हसूही येत होतं, रडूही येत होतं.

उपासना संपल्यावर बाया बाहेर घोळक्याने उभ्या होत्या, सगळ्या एकदम बोलत होत्या. तांदळाचं पोतं दाराशी होतं. एक-दोघी घरी धावत जाऊन मूठ घेऊन आल्या आणि पोत्यात टाकून गेल्या. काकू कपबशा विसळत बसल्या होत्या. काकाजी मला कडुनिंबाखाली घेऊन गेले. मला वाटलं, आता खिडकी काढून ने म्हणतात.

"या चर्चात आमचं लग्न लागलं," ते म्हणाले. "त्या दिवशी बसलो होतो मी हिच्या बाजूले. त्याच्यानंतर आज." त्यांनी काकूंकडे पाहिलं. "एवढे साल गाते हे इथं. तिचा आवाज आज आयकला मी."

"कसा हाये?"

"भल्ला बेसूर हाये, बाप्पा." आणि त्यांनी खिशातला रुमाल काढून डोळे पुसले. "तू तिले सांग न, पुढच्या रविवारीही तिथंच बसजो म्हणा. मले सगळ्याइसमोर बोलाले कसंतरी वाटते."

मी निरोप घेऊन काकूंकडे गेले. त्यांनी बशीवरून मान वर केली नाही. "त्याइले तोंड हाये," त्या म्हणाल्या. "एरवी तं रविवारभर चालते."

हे काकाजींना ऐकू गेलं, कारण त्या बोललेल्याच तशा होत्या. ते अंगणातून चालत आले. बायांच्या घोळक्याने त्यांना वाट दिली.

"पुढच्या रविवारी बी माह्या बाजूले बसशीन काय?" काकाजींनी विचारलं.

काकूंनी बशी पुसून पालथी घातली. "बसन. पण होळीनंतर ऊन आमच्या बाजूले येईन. तवा तुमी याल काय माह्याकडं?"

"येईन."

"सगळ्याइसमोर?"

"सगळ्याइसमोर," काकाजी म्हणाले, आणि तिथेच खाली बसून कपबशा पुसायला लागले.